नदीवरचं हळदीकुंकू

टिटवाळ्यात मला खोली मिळाली ती माझ्याकडे भडक रंगाचे कपडे नव्हते म्हणून.

त्याआधी कल्याणपासून आंबिवलीपर्यंत किती घरांच्या पायऱ्या मी चढले-उतरलेले. माझा नुकताच घटस्फोट झालेला. ठाण्यात खोपटजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी होती, नोकरी पक्की होती, पण सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "मिस्टर काय करतात?" उत्तर ऐकलं की ती खोली अचानक कुणाच्या तरी पुतण्याला द्यायची असायची. या घरमालकीणबाईंनी मिस्टरांचं नावच काढलं नाही. दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हा असला मातकट ड्रेस रोज घालतेस, की आज काही विशेष?"

"रोजचाच आहे."

"लाल, पिवळं, पांढरं काही?"

"लॅबचा कोट पांढरा आहे."

"तो ठाण्यातच ठेव. आणि पहाटे उठवलं तर चिडतेस?"

"कशासाठी उठवलं त्यावर आहे," मी म्हटलं.

हे उत्तर त्यांना फार आवडलं. "राहायला ये," म्हणाल्या. "रविवारी आपण नदीवर जायचं."

मला वाटलं, नदीवर म्हणजे गोधड्या धुवायला.

आता मी ठाण्याला राहते. पण कुणी टिटवाळ्याचं नाव काढलं की लोकांना गणपतीचं देऊळ आठवतं, आणि मला आठवतात त्या घरमालकीणबाई, मावशी. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची आणि पाठीमागे चक्रम म्हणायची. उंच, सडसडीत बाई, साडीवर कायम पुरुषी खाकी शर्ट, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं कान टवकारायचं. तो आवाज मी आधी कुठंतरी ऐकलाय असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आठवड्याभरानं उलगडा झाला. खोपटच्या एस.टी. डेपोत लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायच्या त्या. लहानपणी आजोळी जाताना त्या आवाजानं मला किती वेळा धावायला लावलं होतं. चेहरा मात्र कुणीच कधी पाहिला नव्हता.

निवृत्त झाल्या तरी पुकारणं सुटलं नव्हतं. सकाळी जिन्याखालून आवाज यायचा, "पाणी आलेलं आहे. वरच्या मजल्यावरील भाडेकरूने आपली बादली त्वरित लावावी." दूधवाला उशिरा आला की सगळ्या गल्लीला कळायचं की दूध काही अपरिहार्य कारणामुळे विलंबाने येत आहे. भाजीवालीशी घासाघीस चालायची तीसुद्धा फलाटावरच्या भाषेत.

आणि हीच बाई नदीवर गेली की मुकी व्हायची.

आंबिवलीच्या पुढं काळू नदीवर एक जुना बंधारा आहे. त्याच्या मागं पाणी पसरून मोठं उथळ तळं झालंय. एका कडेला जलपर्णी, दुसऱ्या कडेला पाणकणीस, मध्ये मोकळं पाणी. हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात म्हणून सरकारनं ती जागा पाणपक्ष्यांसाठी राखीव केली होती. तारेचं कुंपण, नियमांचा फलक, एक राखणदार आणि चढून बघायला लोखंडी मनोरा. मावशी त्या मनोऱ्यावर एकदाही चढल्या नाहीत. "वर चढलं की आपण पक्ष्यांना दिसतो," म्हणायच्या. "बघायला आलोय की दाखवायला?"

त्या पाणकणसाच्या आडोशाला बुडाखाली गोणपाट घेऊन बसायच्या. मलाही शेजारी गोणपाट. बोलायचं नाही, खुणा करायच्या. एक बोट म्हणजे उजवीकडे बघ. मूठ म्हणजे हलू नकोस. तळहात खाली म्हणजे श्वाससुद्धा हळू घे. पहिल्या रविवारी मला नुसतं धुकं दिसलं. मग धुक्यातून एक काळपट ठिपका वर आला, गडप झाला, आणि भलतीकडेच पुन्हा वर आला. मी न राहवून कुजबुजले, "किती सुंदर!"

मावशींनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चप्पल घालून आलेय.

परतीच्या वाटेवर बोलल्या, "सुंदर म्हटलं की बघणं संपतं. पुन्हा तो शब्द काढू नकोस. दिसतो कसा ते मला नको, करतोय काय ते सांग."

"बुडत होता. मग दुसरीकडे निघत होता."

"का?"

"मला काय माहीत?"

"मग पुढच्या रविवारी ये," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

तो बुड्या मारणारा पक्षी म्हणजे टिबुकली, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. नाव त्या लवकर सांगायच्याच नाहीत. त्यांच्या मते नाव कळलं की माणूस समाधानी होतो आणि घरी जाऊन झोपतो. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी बाई, मला वाटायचं, मला बघता येतं. तिथं बसून समजलं की लॅबमध्ये मी शोधत असते. काय शोधायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथं काहीच ठरलेलं नसायचं. पाणकावळा पंख पसरून इतका वेळ का उभा राहतो? एवढी बदकं झोपतात तेव्हा कडेची बदकं एक डोळा उघडा का ठेवतात? सोमवारी नोकरीवर जाताना डोक्यात हेच. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच माझ्या डोक्यात माझ्याशिवाय दुसरं काहीतरी होतं.

त्या स्वतः मात्र दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे कधी लागल्या नाहीत. डोंबिवलीहून मोठमोठे कॅमेरे घेऊन मंडळी यायची, लांबून आलेल्या एखाद्या पाहुण्यासाठी अर्धा दिवस ताटकळायची. मावशींची दुर्बीण बारा महिने तिथंच राहणाऱ्या एका साध्या, तपकिरी, खवल्याखवल्यांच्या बदकावर. मला कळेना, यांना त्यात एवढं काय दिसतं. आणि मुळात एस.टी.तली बाई इथं आलीच कशी? विचारलं की उत्तर प्रत्येकाला वेगळं. राखणदाराला सांगितलेलं, डॉक्टरांनी हवा खायला सांगितलंय. कॉलेजच्या पोरापोरींना सांगितलेलं, माझा नवरा मागच्या जन्मी बगळा होता. मला म्हणाल्या, "तिथं मोबाइलला रेंज येत नाही, म्हणून."

नदीवर त्यांना मोठ्यानं बोलताना मी एकदाच ऐकलं. उन्हाळ्याची सुरुवात होती, बरीचशी बदकं उत्तरेला गेलेली. कुंपणाच्या कडेनं एक जोडपं लग्नाआधीचं शूटिंग करायला शिरलं. सोबत फोटोग्राफर, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन आणि हातात गुलाबी धुराच्या नळकांड्या. राखणदार शिट्टी शोधू लागला, पण शिट्टीनं पक्षी जास्त घाबरतात म्हणून ती मावशींनीच कधीची काढून घेतलेली. नवरदेव गॉगल लावून, नवरीकडे बघत, गोट्यागोट्यांच्या मोकळ्या जागेवरून उलटा चालत येत होता. मावशी ताडकन उठल्या.

"कृपया इकडे लक्ष द्यावे! गुलाबी धूर सोडणाऱ्या जोडप्याने धूर त्वरित विझवावा! नवरदेवाने आहे त्याच ठिकाणी थांबावे! त्याच्या मागच्या पावलाखाली टिटवीची अंडी आहेत!"

आख्खी नदी हादरली. नवरदेव एका पायावर थांबला. ड्रोन खाली आला. नवरी घागरा सावरत धावत आली, "कुठे? कुठे आहेत? मला तर दगडच दिसतायत!" मावशींनी तिला ओणवं करून बोट दाखवलं. दगडांच्याच रंगाची, दगडांवरच ठेवलेली, ठिपकेदार अंडी. पोरगी बघतच राहिली. "अय्या, घरटंबिरटं काहीच नाही? अशीच उघड्यावर?" तिनं होणाऱ्या नवऱ्याला ओढून खाली बसवलं. मग दोघंही डोक्याला डोकं लावून दगडांकडे बघत बसली आणि फोटोग्राफरनं काढला तो फोटो तेवढाच. पुढं त्या पोरीनं राखणदाराकडे लग्नाची पत्रिका पाठवली. तो जेवून आला आणि सांगत होता की हॉलच्या दारात तोच फोटो लावला होता, दोघांची तोंडंसुद्धा धड दिसत नव्हती.

मावशींना मात्र त्या दिवशी कसलाच आनंद झाला नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "आज तिथं सगळ्यात जास्त आवाज मी केला."

आता मला मूळ गोष्ट सांगायची ती संक्रांतीची.

आमच्या समोर एक काकू राहायच्या. मूळच्या नगरकडच्या. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, मुलगा-सून कामावर जाणारी, आणि काकू म्हणजे गल्लीचं सगळं रीतीभातीचं खातं. दर संक्रांतीला त्यांच्याकडे मोठं हळदीकुंकू असायचं. मी राहायला आले त्या वर्षी संध्याकाळी काळ्या साड्या नेसलेल्या बायका आमच्या फाटकासमोरून हसत-खिदळत जात होत्या. काकूंची सून सकाळीच आमंत्रणं करत आली होती, डाव्या हाताच्या घरात गेली, उजव्या हाताच्या घरात गेली. मधल्या घरात एक विधवा आणि एक सोडलेली. आमच्या घरात ती शिरली नाही.

मावशी ओट्यावर मटार सोलत बसलेल्या. मला वाईट वाटलं, ते त्यांना दिसलं असावं.

"अगं, सोल की जरा. बघतेस काय?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात सरकवल्या. मग नदीवर पहिल्यांदा कशा गेल्या ते आपणहून सांगितलं, आणि या वेळी उत्तर खरं होतं हे मला त्यांच्या हळू आवाजावरून कळलं.

त्यांचे यजमान ऐन तरुणपणी गेले. त्यानंतरची पहिली संक्रांत. डेपोतल्या बायकांनी ऑफिसात हळदीकुंकू केलं. एक मैत्रीण तबक घेऊन त्यांच्या खोलीत आली, माइकसमोर बसलेल्या मावशींकडे बघून क्षणभर थबकली आणि तबक घेऊन पुढच्या टेबलाकडे वळली. "तिची काही चूक नव्हती गं. तिला सुचलंच नाही. मी मुरबाडची गाडी पुकारत होते. आवाज जराही हलला नाही माझा. पण ड्युटी संपल्यावर पाय घराकडे जाईनात. घरी सासूबाई विचारणार, डेपोत आज काय काय झालं. म्हणून आंबिवलीला उतरले आणि चालत सुटले. नदी आली तिथं बसले."

"आणि तिथं पक्षी होते."

"होते ना. तिथं थिएटर असतं तर पिक्चर बघत बसले असते." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "समोर ते साधं बदक पोहत होतं. चोचीचं टोक पिवळंजर्द, आणि कपाळाशी, चोच सुरू होते तिथं, दोन लाल टिकल्या. कोण कुठलं, नाव माहीत नाही. काळोख पडेपर्यंत बघत राहिले. नाव खूप वर्षांनी कळलं."

"काय नाव?"

"हळदी-कुंकू बदक." आणि त्या हसल्या. "खरंच तेच नाव आहे. कुणालाही विचार."

पुढच्या दिवाळीत समोरचे काका गेले. झोपेतच गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि काकूंच्या घराच्या खिडक्या मिटल्या त्या मिटल्याच. आधी दिवसभर फाटकाशी उभ्या राहणाऱ्या काकू आता दिसेनात. मुलगा-सून सकाळी बाहेर पडली की घरातून टीव्हीचासुद्धा आवाज यायचा नाही.

संक्रांत जवळ आली तशी मावशींनी एका सकाळी ओट्यावर उभं राहून पुकारा केला, "या वर्षी हळदीकुंकू नदीवर आहे. सवाष्णी, विधवा, सोडलेल्या, लग्न न झालेल्या, सर्व महिला प्रवाशांनी यावे. काळी साडी चालेल. काचेच्या बांगड्या आणल्यास रुमालात गुंडाळाव्यात."

गल्लीत हसाहशी झाली. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण पोरीबाळी कुतूहलानं तयार झाल्या. नोकरीवाल्या तिघी-चौघी म्हणाल्या, चला, तेवढीच सहल. त्या गोळा होत असताना मावशी मला घेऊन समोरच्या घरी गेल्या. दार काकूंनीच उघडलं. पांढरट साडी, कपाळ मोकळं, केस तसेच.

"वहिनी, चला. रिक्षा येतायत."

"मी?" काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मी कशी येऊ? माझं आता हळदीकुंकवाशी काय नातं?"

"माझं तरी काय होतं?"

काकूंची मान खाली गेली. मला वाटलं, आता मावशी सगळं काढणार, त्यांना तो हक्कही होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "साडी बदलायला वेळ लागेल. आम्ही थांबतो."

"लोक काय म्हणतील?"

"नदीवर लोक नसतात."

"नको, तुम्ही जा," असं म्हणून काकूंनी दार लावून घेतलं. आम्ही पायऱ्या उतरलो. मावशींचा चेहरा पडला होता. इतक्या दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. आम्ही निघालो.

राखणदारानं फाटक उघडलं. बायका आपापल्या बांगड्या रुमालात बांधून, पदर खोचून, चोरट्या पावलांनी पाणकणसाच्या आड गेल्या. संक्रांतीचं एक बरं असतं, सगळ्या काळ्या साड्यांत, त्यामुळे पक्ष्यांनी आमच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. गोणपाटावर दाटीवाटीनं बसून सगळ्या पाण्याकडे बघू लागल्या. एरवी घरात एक मिनिट गप्प न बसणाऱ्या बाया, पण एकीचाही आवाज नाही. दुर्बीण हातोहात फिरू लागली. एवढ्यात मागं रिक्षा थांबल्याचा आवाज आला. वळून बघते तर काकू, काळ्या साडीत, चपला हातात घेऊन वाळकं गवत चुकवत येत होत्या.

मावशींनी सरकून आपल्या शेजारी जागा केली. दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं. हळदी-कुंकवाची जोडी आमच्या समोरच, उथळ पाण्यात चिखल चाळत होती.

काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. आता या रडणार, असं मला वाटलं.

काकूंनी दुर्बीण खाली घेतली. "हे?" त्या म्हणाल्या, आणि पुढं चांगल्या खणखणीत आवाजात, "अहो, ही आमच्या गावच्या तलावात ढिगानं असायची! माझे वडील फासे लावून धरायचे. आई वाटण लावून असा काय रस्सा करायची!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग मावशींना हसू फुटलं. तोंडावर हात दाबून बघितला, पण तो आवाज काही हातात मावणारा नव्हता. त्या हसल्या आणि तळ्यावरची सगळी बदकं एकदम उठली. पंखांचा एवढा मोठा फडफडाट झाला की बायका एकमेकींना बिलगल्या. बसलेलं असताना मातकट दिसणारं ते बदक उडालं तेव्हा त्याच्या पंखात हिरवा पट्टा लखलखला. ते थवे आमच्या डोक्यावरून वळले, नदीच्या पलीकडे गेले, पुन्हा वळले आणि एकेक करून पाण्यावर उतरू लागले. काकू मान वर करून बघत होत्या. तोंड उघडंच राहिलं होतं.

"हे उडताना कधी बघितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे ती पाय बांधूनच यायची."

मग तिळगूळ वाटला. एका नव्या सुनेनं पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि तिला पेच पडला, सुरुवात कुणापासून करायची, कुणाला लावायचं. मावशी म्हणाल्या, "ज्यांना हवंय त्यांनी लावा. ज्यांना नकोय त्यांनी माझ्यासारखा तिळगूळ जास्त खा." मी लावून घेतलं. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. काकूंनी नको म्हटलं. त्यांनी वडी घेतली, अर्धी मोडली आणि हातातच धरून बसल्या.

बऱ्याच वेळानं, बाकीच्या बायका बंधाऱ्याकडे फिरायला गेल्यावर, त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मी तुम्हाला इतक्या वर्षांत एकदाही बोलावलं नाही."

मी मुद्दाम दुसरीकडे बघू लागले.

"मला तरी कुठं वेळ होता?" मावशी म्हणाल्या. "संक्रांतीला मी इथंच असायचे."

हे खरं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांच्यासोबत ओट्यावर बसून मी मटार सोलले होते. पण काकूंनी मान हलवली, हातातली अर्धी वडी मावशींच्या हातावर ठेवली आणि दुर्बीण पुन्हा मागून घेतली. मग ती कुणालाच परत देईनात.

उन्हं चढल्यावर आम्ही परतलो. गल्लीत रिक्षा थांबल्या, बायका आपापल्या घरी पांगल्या. काकू आपल्या फाटकाशी गेल्या, कडीला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. आत कुणी नव्हतं. मुलगा-सून संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

मावशी आमच्या पायऱ्या चढत होत्या. वळूनही न बघता मला म्हणाल्या, "चहाचं आधण तिघींचं ठेव."

मी पातेलं चढवलं. फाटकाची कडी वाजली, मग पायऱ्यांवर पावलं. इतकी वर्षं समोर राहून काकू त्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी थोडा वेळ घुटमळल्या, पातेल्यात डोकावल्या.

"आलं नाही घातलंस?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता भाजीच्या टोपलीत हात घातला.